राष्ट्रवाद व जागतिकीकरण

एखाद्या जनसमूहाने स्वतःला राष्ट्र मानावे, आपली सर्वोच्च राजकीय निष्ठा त्या राष्ट्राला वाहावी आणि आपला कारभार आपणच करण्याचा अधिकार सांगावा, या विचारप्रणालीस राष्ट्रवाद म्हणतात. वस्तू, भांडवल, माणसे, तंत्रविद्या, माहिती आणि कल्पना यांची देशोदेशींची देवघेव वाढत जाऊन दूरच्या घडामोडींचा परिणाम दैनंदिन जीवनावर होऊ लागणे, या प्रक्रियेस जागतिकीकरण ही संज्ञा आहे. पहिल्या संकल्पनेत सीमा महत्त्वाची असते, तर दुसरीत सीमेपलीकडील व्यवहार. त्यामुळे जागतिकीकरण वाढले, की राष्ट्रवाद क्षीण होईल, असा तर्क विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेकांनी केला. प्रत्यक्षात तसे घडले नाही. राष्ट्राची जाणीव बाह्य जगाशी आलेल्या संबंधांतूनच बव्हंशी घडत आली आहे आणि तिची खरी कसोटी सीमेवर जितकी लागते, तितकीच राष्ट्राच्या अंतर्गत व्यवहारातही लागते. हे स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत नोंदीत रायगड जिल्ह्यातील महाड-पोलादपूर परिसराचा विशेष विचार केला आहे. रायगड किल्ला, महाडचे चवदार तळे, मुंबईकडे व परदेशी होणारे स्थलांतर आणि अलीकडील औद्योगिक वसाहत या सर्व गोष्टी सावित्री नदीच्या या खोऱ्यात व त्याच्या आसमंतात आढळतात.

राष्ट्रकल्पनेचे स्वरूप : यूरोपात १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहाने सार्वभौम राज्यांच्या परस्परसंबंधांना नियमबद्ध रूप येऊ लागले आणि १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने सार्वभौमत्व राजाचे नसून राष्ट्राचे, म्हणजे नागरिकांचे असते, हे तत्त्व पुढे आणले. राष्ट्र कशामुळे बनते, या प्रश्नाला वंश, भाषा, धर्म, भूप्रदेश अशी निरनिराळी उत्तरे देण्यात आली. फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनन याने १८८२ मध्ये पॅरिस येथे दिलेल्या व्याख्यानात यांपैकी कोणताही एक घटक पुरेसा नाही, असे दाखवून समान स्मृती आणि एकत्र राहण्याची चालू संमती यांवर भर दिला. हान्स कोन याने १९४४ मध्ये नागरिकत्वावर आधारलेला आणि वंश-संस्कृतीवर आधारलेला, असे राष्ट्रवादाचे दोन प्रकार कल्पिले. १९८३ मध्ये अर्नेस्ट गेलनर व बेनेडिक्ट अँडरसन यांचे या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाले. गेलनरने राष्ट्रवादाचा संबंध औद्योगिक समाजाच्या गरजांशी, तर अँडरसनने तो मुद्रणाच्या प्रसाराशी जोडला. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकच वृत्तपत्र वाचू लागल्यामुळे आपण एका समूहाचे घटक आहोत, असे मानू लागतात, हा अँडरसनच्या विवेचनाचा गाभा होय. मराठीपुरते पाहता बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण (१८३२) आणि पुढे केसरी (१८८१) या पत्रांचे कार्य या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

पूर्वपीठिका : परकीयांशी व्यापार आणि स्वतःची सत्ता यांचा मेळ घालण्याचा प्रश्न आधुनिक राष्ट्रवादापूर्वीही उद्‌भवला होता. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या समयी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्सेंडन गडावर उपस्थित होता आणि त्याच सुमारास कंपनीशी व्यापारी तह झाला. कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे, असे एक कलम इंग्रजांनी मांडले होते. त्यावर महाराजांची भूमिका अशी होती, की कोणत्याही नाण्यास बंदी नाही. मात्र ज्यात रयतेचा तोटा होईल, असे नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. सतराव्या शतकातील राजसत्तेला आजच्या अर्थाने राष्ट्र म्हणणे कालविपर्यासाचे ठरेल. तथापि व्यापार खुला ठेवावा, पण त्याच्या अटी रयतेच्या हिताने ठरवाव्यात, हे यातील सूत्र पुढील विवेचनास उपयुक्त आहे. याच परिसराने स्वराज्याला माणसेही पुरविली. तानाजी मालुसरे यांचे उमरठ हे गाव पोलादपूर तालुक्यात असून शिवभारतकार कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपूर येथे आहे.

राष्ट्रवादाचा उदय : महाराष्ट्रात आधुनिक राष्ट्रवादाची पहिली मांडणी प्रामुख्याने आर्थिक होती. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये वृत्तपत्रीय पत्रांतून इंग्रजी राज्यातील आर्थिक शोषणावर टीका केली. दादाभाई नवरोजी यांनी हिंदुस्थानातून इंग्‍लंडकडे होणाऱ्या संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत मांडला. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास स्वदेशी जाडेभरडे कापड नेसून गेले. मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची मालमोटार अडविताना बाबू गेनू या कामगाराचा मृत्यू झाला. ज्या साम्राज्याविरुद्ध हा लढा होता, ते साम्राज्य ही त्या काळची एक जागतिक अर्थव्यवस्थाच होती. लँकेशरच्या गिरण्या, लंडनच्या पेढ्या, आगबोटी आणि तारायंत्रे यांनी दूरदूरचे प्रदेश परस्परांशी जोडले गेले होते. तेव्हा भारतीय राष्ट्रवाद हा जगापासून अलिप्त राहून जन्मलेला नसून अन्याय्य अटींवर घडलेल्या जागतिक संपर्काची ती प्रतिक्रिया होती.

राष्ट्रवादाची दुसरी बाजू समान स्मृतीची होय. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरील पवाडा प्रसिद्ध केला. त्यात महाराज शेतकऱ्यांचे, शूद्रातिशूद्रांचे राजे म्हणून येतात. लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ हाती घेतली आणि १८९६ मध्ये गडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. या उत्सवाची प्रेरणा महाराष्ट्राबाहेर पोहोचली. रवींद्रनाथ टागोरांनी १९०४ मध्ये ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. पुढे त्याच टागोरांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात जपान व अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांत आक्रमक राष्ट्रवादावर कठोर टीका केली, हेही लक्षात घेतले पाहिजे. एकाच स्मृतिस्थळाचे फुले व टिळक यांनी लावलेले अर्थ भिन्न होते. राष्ट्रीय प्रतीके एकार्थी नसतात. त्यांच्या अर्थाविषयी समाजातील निरनिराळे वर्ग आपापला दावा मांडीत असतात.

महाडचा प्रश्न : राष्ट्रात कोणाचा समावेश होतो, हा प्रश्न फुले यांनी ‘एकमय लोक’ या कल्पनेच्या आधारे उपस्थित केला होता. जातिभेदाने विभागलेल्या लोकांचे राष्ट्र कसे बनेल, असा त्यांचा आक्षेप होता. महाड परिसरातही या विचाराला पूर्वपरंपरा होती. महाडजवळील रावढळ येथील निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये विटाळ विध्वंसन ही पुस्तिका प्रसिद्ध करून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारांना आव्हान दिले. सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा इ. अस्पृश्यांना खुले असावेत, असे ठरविले आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव मात्र कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर गेले आणि त्यांनी तेथील पाणी प्राशन केले. यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाईहुकुमामुळे पाण्याचा प्रत्यक्ष सत्याग्रह स्थगित ठेवण्यात आला. अनादिकालापासूनची रूढी असल्याचा प्रतिपक्षाचा दावा सिद्ध होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला [→ महाड सत्याग्रह].

राष्ट्रवादाच्या अभ्यासात या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. पहिली गोष्ट अशी, की डिसेंबरच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली आणि परिषदेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. म्हणजे अगदी स्थानिक पाणवठ्याचा प्रश्न मांडताना जागतिक विचारांचा आधार घेण्यात आला. ज्या नागरी अधिकारांची भाषा यूरोपात तयार झाली, ती येथे परकी ठरली नाही. ती येथील अनुभवाला लागू पडली. दुसरी गोष्ट अशी, की परकीय सत्तेपासून मुक्ती आणि समाजांतर्गत समता या दोन स्वतंत्र मागण्या आहेत, हे महाडने स्पष्ट केले. पहिली पूर्ण झाली म्हणून दुसरी आपोआप पूर्ण होत नाही. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा पुन्हा मांडला. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र आहेत असे मानणे, हा भ्रम असून जाती या राष्ट्रविरोधी आहेत. बंधुतेविना स्वातंत्र्य व समता टिकणार नाहीत, असा त्यांचा इशारा होता. संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता यांचा उल्लेख बंधुतेच्या संदर्भात एकत्र येतो, याचे मर्म या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

प्रादेशिक अस्मिता : भाषावार राज्यांमुळे राष्ट्राची एकता धोक्यात येईल, अशी भीती १९४८ मध्ये दार आयोगाने व्यक्त केली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनंतर १ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे राज्य स्थापन झाले आणि ही भीती बव्हंशी निराधार ठरली. सीमाभागाचा प्रश्न शिल्लक राहिला, तरी मराठी व भारतीय या दोन ओळखी एकाच व्यक्तीच्या ठायी नांदू शकतात, असे दिसून आले. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे झाले. या नामांतराने प्रादेशिक स्मृतीच अधोरेखित झाली. परंतु राष्ट्रीय भावनेशी तिचा विरोध आला नाही. निष्ठांचे असे थर हे भारतीय राष्ट्रवादाचे वैशिष्ट्य मानता येईल. जागतिकीकरणाने त्यांत आणखी एका थराची भर घातली.

आर्थिक जागतिकीकरण : १९९१ मध्ये परकीय चलनाच्या तुटवड्यातून भारताने आर्थिक उदारीकरणाचे धोरण स्वीकारले. आयातीवरील निर्बंध सैल झाले, परकीय भांडवलास अधिक वाव मिळाला आणि १ जानेवारी १९९५ रोजी स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेचा भारत संस्थापक सदस्य झाला. या धोरणाचे पडसाद कोकणात लवकरच उमटले. रत्‍नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात एनरॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने दाभोळ वीजप्रकल्प उभारण्याचे १९९२ मध्ये ठरले. विजेचा दर, कराराची गुप्तता आणि भूमिसंपादन यांवरून त्यास विरोध झाला. १९९५ मध्ये नव्या राज्य शासनाने करार रद्द केला. परंतु १९९६ मध्ये फेरवाटाघाटी होऊन तो पुन्हा अमलात आला. १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि दराच्या वादातून २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षाअखेर मूळ कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे हा प्रकल्प भारतीय सार्वजनिक कंपन्यांच्या सहभागाने पुनरुज्जीवित करण्यात आला. निवडून आलेले शासन बदलले, तरी आंतरराष्ट्रीय करार सहजासहजी बदलता येत नाही, ही सार्वभौमत्वाची मर्यादा या प्रकरणाने सर्वसामान्यांच्या लक्षात आणून दिली.

रायगड जिल्ह्यात याच्या उलट अनुभव आला. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियमानंतर पेण, पनवेल व उरण तालुक्यांत मोठे निर्यातक्षेत्र योजण्यात आले. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत शासनाने अजमावले आणि पुढे ती योजना बारगळली. येथे राष्ट्राच्या विकासाच्या नावाने मागितलेल्या जमिनीवर राष्ट्राच्याच नागरिकांनी आपला हक्क सांगितला. महाड येथील औद्योगिक वसाहतीत रासायनिक व औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत. त्यांनी रोजगार आणला. पण त्याचबरोबर सावित्रीच्या पाण्याच्या प्रदूषणाचा प्रश्नही उभा राहिला. त्याची झळ नदी व खाडीतील मासेमारीवर जगणाऱ्यांना सर्वांत आधी लागली. जागतिक बाजारपेठेचा लाभ आणि तिची किंमत एकाच माणसाच्या वाट्यास येतात असे नाही. लाभ व किंमत यांची न्याय्य वाटणी करणारी परिणामकारक यंत्रणा अद्यापि राष्ट्र-राज्य हीच आहे. जागतिकीकरणात राष्ट्राचे काम संपत नाही, ते वाढते, असे म्हणण्याचे प्रमुख कारण हेच होय.

स्थलांतर व दुहेरी निष्ठा : डोंगराळ जमीन आणि पावसावर अवलंबून असलेली भातशेती यांमुळे महाड-पोलादपूर भागातील पुरुष दीर्घकाळ उपजीविकेसाठी बाहेर जात आले आहेत. लष्कर, मुंबईच्या कापडगिरण्या आणि गोदी ही त्यांची प्रमुख ठिकाणे होत. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाचे नावच सैनिकी परंपरेचे निदर्शक आहे. शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे यांना दुसऱ्या महायुद्धात जुलै १९४४ मध्ये इटलीत वीरमरण आले व त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. परकीय साम्राज्याच्या सैन्यात मिळालेला हा सन्मान आज राष्ट्रीय अभिमानाचा विषय आहे. राष्ट्रीय स्मृती भूतकाळाला नव्या संदर्भात कशी सामावून घेते, याचे हे उदाहरण होय. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतील कापडउद्योग ओसरला आणि मनिऑर्डरवर चालणाऱ्या कोकणातील घरांना त्याचा मोठा फटका बसला. महाड व परिसरातील अनेक कुटुंबांतील, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतील पुरुषांनी आखाती देशांची वाट धरली. तेथे कितीही वर्षे काम केले, तरी नागरिकत्व सहसा मिळत नाही. त्यामुळे घर, मशीद, शाळा व शेतजमीन यांच्या रूपाने गावाशी असलेला संबंध टिकून राहतो.

परदेशी स्थायिक होणाऱ्यांचे स्वरूप वेगळे आहे. कुलाबा जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल मराठीभाषक असून पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य इझ्राएलमध्ये गेले. तेथून मायबोली हे मराठी नियतकालिक निघाले. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही शिखर संस्था १९८१ मध्ये स्थापन झाली. भारतीय संविधान दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. तथापि २००५ पासून परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) या नावाची नोंदणी उपलब्ध आहे. तीनुसार प्रवेश व वास्तव्याच्या सवलती मिळतात, मताधिकार मात्र मिळत नाही. भावनिक निष्ठा आणि कायदेशीर नागरिकत्व यांची अशी फारकत हे जागतिकीकरणाच्या काळातील राष्ट्रीयत्वाचे एक ठळक लक्षण आहे. दूर राहणाऱ्यांचा राष्ट्रवाद कधीकधी मायदेशातील लोकांपेक्षा अधिक तीव्र असतो. कारण त्याचे दैनंदिन परिणाम त्यांना भोगावे लागत नाहीत, असे निरीक्षण अँडरसनने नोंदविले आहे.

सांस्कृतिक परिणाम : जागतिकीकरणाने सर्व संस्कृती एकसारख्या होतील, हे भाकीत अंशतःच खरे ठरले. उपग्रह दूरचित्रवाणी व आंतरजाल यांच्याबरोबर इंग्रजीचा प्रभाव वाढला आणि मराठी माध्यमाच्या शाळांपुढे अडचणी निर्माण झाल्या. त्याचबरोबर मराठी दूरचित्रवाहिन्या व मराठी संकेतस्थळे यांनी जगभर विखुरलेला मराठी समाज परस्परांशी जोडला. स्थानिक वैशिष्ट्यांस जागतिक व्यवस्थेतूनच संरक्षण मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. कोकणातील हापूस आंब्याच्या विकासात पोर्तुगीजांनी आणलेल्या कलमविद्येचा मोठा वाटा आहे. या आंब्यास २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. त्यात रायगडसह पाच जिल्ह्यांचा समावेश आहे. जे फळ आज कोकणाच्या अस्मितेचे चिन्ह मानले जाते, ते स्वतःच एका जुन्या जागतिक संपर्काचे फलित आहे. जुलै २०२५ मध्ये यूनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यातील बारा किल्ल्यांत रायगड व प्रतापगड असून तमिळनाडूतील जिंजीही आहे. राष्ट्रीय अभिमानाच्या स्थळास जागतिक मान्यता हवीशी वाटणे आणि ती मिळाल्याने तो अभिमान दृढ होणे, यातून राष्ट्रवाद व जागतिकीकरण यांचे परस्परावलंबन दिसून येते.

समकालीन प्रवृत्ती : २००८ च्या जागतिक आर्थिक मंदीनंतर अनेक देशांत राष्ट्रवादाला पुन्हा जोर चढला. २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने यूरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. २०२० मधील कोविड-१९ च्या साथीत सीमा बंद झाल्या आणि औषधे, लस व अन्य आवश्यक वस्तूंसाठी परदेशांवर विसंबून राहण्यातील धोका सर्वांच्या लक्षात आला. भारताने त्याच वर्षी आत्मनिर्भरतेचे धोरण जाहीर केले. जागतिकीकरणात ज्यांची उपजीविका गेली अथवा ज्यांना आपली ओळख पुसली जाईल अशी भीती वाटते, ते लोक राष्ट्राकडे आश्रय म्हणून पाहतात. ही अपेक्षा रास्त आहे. परंतु तिला उत्तर देण्याचे दोन मार्ग संभवतात. एका मार्गात परका, स्थलांतरित किंवा अल्पसंख्य यांना दोषी ठरवून बहुसंख्यांना समाधान दिले जाते. दुसऱ्यात रोजगार, शिक्षण, आरोग्य व प्रतिष्ठा यांची हमी सर्व नागरिकांना देण्याचा प्रयत्न होतो. पहिला मार्ग सोपा असतो, पण त्याने राष्ट्रातील काही लोक राष्ट्राबाहेर ढकलले जातात.

मूल्यमापन : राष्ट्रवादाने वसाहतींतील जनतेला स्वातंत्र्य मिळवून दिले, त्यानेच दोन महायुद्धांना खतपाणी घातले. जागतिकीकरणाने ज्ञान व संपत्ती वाढविली. त्याबरोबर विषमताही वाढविली. तेव्हा या दोहोंपैकी एकाची निवड करण्यापेक्षा त्यांची सांगड कोणत्या अटींवर घालावी, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत परिसराच्या इतिहासातून दोन निकष हाती येतात. बाहेरच्या जगाशी व्यवहार करताना रयतेचा तोटा होऊ नये, हा पहिला निकष १६७४ च्या तहातील नाण्याच्या प्रश्नात दिसतो. राष्ट्राच्या सामाईक साधनांवर प्रत्येकाचा समान अधिकार असावा, हा दुसरा निकष १९२७ च्या चवदार तळ्याच्या प्रश्नात दिसतो. पहिल्याकडे दुर्लक्ष झाल्यास राष्ट्र परावलंबी होते; दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास ते केवळ काहींचेच राहते. दरवर्षी जून महिन्यात राज्याभिषेक दिनानिमित्त रायगडावर आणि २० मार्च रोजी महाडच्या तळ्यावर हजारो लोक जमतात. हे दोन्ही समारंभ एकाच तालुक्यात होतात. दोन्ही स्थळांचा वारसा आपलाच आहे, अशी भावना सर्व नागरिकांत जितकी रुजेल, तितका भारतीय राष्ट्रवाद जागतिकीकरणाच्या काळात अधिक सुस्थिर होईल.